वरच्या चार रांगा

माझ्या मुलाच्या गाडीचं इंजिन बोरघाटात जळलं, त्याला आता दोन वर्षं होतील. ते कोणामुळे जळलं यावर मी तेव्हा तीन पानी अहवाल लिहिला होता. अहवालाला चार मथळे होते, सोबत एक तक्ता जोडला होता, खाली माझी सही होती, आणि निष्कर्ष खोटा होता. तो अहवाल पुष्कळ लोकांनी वाचला. हे लिखाण खरं तर त्याच लोकांसाठी आहे, पण ते वाचतील याची मला फारशी आशा नाही. आरोप वाचायला माणसं जमतात, दुरुस्ती वाचायला जमत नाहीत.

आधी माझा धंदा सांगतो, कारण चूक तिथली आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं होतो. काम मोजण्याचं. कुठल्या नळीतून किती वाफ गेली, कुठल्या टाकीत किती दाब आहे, हे दाखवणारी यंत्रं नीट ठेवायची. त्या यंत्रांचे आकडे दर तासाला लॉगशीटवर लिहिले जायचे. दर तासाला म्हणजे पाळी संपायच्या अर्धा तास आधी, चहा पीत, आठही तासांचे एकदम. आमच्याकडे हीच रीत होती आणि नव्या माणसाला ती मी शिकवायचो. तिचा पहिला नियम असा, की शेजारच्या दोन घरांत एकच आकडा येता कामा नये. एकसारखे आकडे दिसले की तपासायला आलेला साहेब थांबतो. त्रेसष्ट, चौसष्ट, साडेबासष्ट, पुन्हा त्रेसष्ट असं दिसलं की तो मान डोलावून पुढे जातो. यंत्र स्वतः कधीकधी आठ तास त्रेसष्टच दाखवायचं. मग आम्ही यंत्राची ती चूक कागदावर सुधारून घ्यायचो.

याने कोणी मेलं नाही. निदान मी असेपर्यंत तरी नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं की माझ्या विभागाच्या नोंदी संपूर्ण कारखान्यात सर्वांत सुबक असत. मला शाल दिली. ती मी घेतली.

निवृत्तीनंतर नेरूळच्या आमच्या सोसायटीत मी तांत्रिक सल्लागार झालो. हे पद मला कोणी दिलं नव्हतं, पण कोणी काढूनही घेतलं नाही. पंपाचा आवाज बदलला की मला बोलावत, आणि न बोलावता गेलो तर खुर्ची देत. बायको म्हणायची, कारखान्याने तुम्हाला सोडलं, तुम्ही कारखान्याला कधी सोडणार.

मुलगा महापेला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने एक जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि एकेक भाग बदलत तिचं असं काही केलं, की आरटीओच्या कागदावर तिचं जे वर्णन होतं त्यातला रंग तेवढा खरा उरला. सायलेन्सर जाड, चाकं रुंद, आणि इंजिनाला टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त द्यावं लागतं, आणि दोन्ही जमलं की गाडी पळते. नेरूळहून महाप्यापर्यंत तिला पळायला जागा कुठे मिळते हे मात्र मला कधी कळलं नाही. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडतानाच तीन गतिरोधक आहेत, आणि त्या प्रत्येकावर गाडीचं पोट घासायचं. मुलगा ते दात-ओठ खाऊन ऐकायचा, पण गाडी दोन बोटंही वर उचलायला तयार नव्हता.

हे सगळं ज्याच्या हातून होत होतं तो ट्यूनर शेजारच्या शिरवण्याचा. मूळ गावातला आगरी मुलगा. मुलगा म्हणायचं इतकंच, चाळिशीला आला होता. आजोबांची भातखाचरं शहरात गेली, वडिलांनी उरल्या जागेत चार मजले चढवून भाडेकरू ठेवले, आणि याने तळमजल्याला शटर लावून गॅरेज काढलं. आयटीआय झालेला. पण लॅपटॉप लावून इंजिनाची भाषा समजणारा आमच्या भागात तेव्हा तोच एक होता. पनवेलपासून ठाण्यापर्यंतची पोरं त्याच्याकडे गाड्या आणायची. मला तो काका म्हणायचा. मी गॅरेजमध्ये गेलो की हातातलं काम ठेवून स्टूल पुसून द्यायचा, आणि मी रोज जायचो.

टर्बो बसल्यावर प्रश्न आला तो हवेचा. इंजिनात किती हवा गेली हे कळल्याशिवाय किती पेट्रोल द्यायचं ते ठरत नाही. ती कळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, हवेच्या नळीत मीटर बसवायचा आणि जाईल ती हवा मोजायची. दुसऱ्याला स्पीड डेन्सिटी म्हणतात. त्यात हवा मोजतच नाहीत. इंजिनाचे फेरे किती, आतला दाब किती, हवा गरम की थंड, एवढं पाहून हवेचा हिशेब मांडतात, आणि त्यासाठी एक तक्ता आधीच तयार ठेवावा लागतो. इतक्या फेऱ्यांना, इतक्या दाबाला, हे इंजिन किती भरतं, असं घराघरांत लिहिलेला तक्ता.

ट्यूनरने मुलाला ते त्याच्या पद्धतीने सांगितलं. गावात हळद असली की जेवायला किती माणूस येणार हे कळायला दोन रस्ते. मांडवाच्या दारात माणूस बसवायचा आणि मुंडकी मोजायची. नाहीतर आचारी मांडवात एक नजर टाकतो आणि तांदूळ किती टाकायचा ते सांगतो, कारण त्याने असल्या पन्नास हळदी काढल्या आहेत. दारावरचा माणूस बरा, पण गर्दी फार झाली की त्याचा हिशेब बिघडतो, आणि कोणी मोजून घेऊन न जेवताच मागल्या दाराने गेला तर तेवढा भात वाया.

हा मागल्या दाराचा मुद्दा महत्त्वाचा होता. कारण मुलाला ॲक्सिलरेटरवरून पाय सुटला की फुस्स असा आवाज हवा होता. हा आवाज म्हणजे टर्बोने कोंबलेली हवा बाहेर सोडून देणं. मीटर असेल तर ती हवा मोजून झालेली असते आणि मग गाडी गचके खाते. मीटर नसेल तर हवी तेवढी फुस्स करा. अशा रीतीने एका सुशिक्षित घरात इंजिनाच्या मापनपद्धतीचा निर्णय एका फुसफुशीवर आला.

ट्यूनरचं स्वतःचं मत मीटर ठेवावा असं होतं. तो मला म्हणाला, "काका, रोजची गाडी हाय. मीटर असला का चूक झाली तरी गाडी स्वताला सांभालते. तक्त्याचं तसं नाय. तक्त्यात खोटं असंल तर इंजिन खोट्यावर चालतं."

आयुष्यभर मोजण्याचा पगार घेतलेल्या माणसाने मीटरच्या बाजूने बोलायला हवं होतं. मी तक्त्याच्या बाजूने बोललो. नळीत अडथळा नको, टर्बोला मोकळा श्वास हवा, मोठ्या दाबाला मीटर अपुरा पडेल, अशी कारणं दिली. कारणं बरोबर होती, ट्यूनरनेही ती खोडली नाहीत. पण खरं कारण त्यांत नव्हतं. खरं कारण असं, की त्याने लॅपटॉपवर तो तक्ता उघडून दाखवला तेव्हा त्यात सोळा आडव्या आणि सोळा उभ्या मिळून दोनशे छप्पन्न घरं होती, बहुतेक भरायची होती, आणि माझा हात शिवशिवला. मीटर ठेवला असता तर मला करायला काहीच उरलं नसतं. निवृत्तीनंतरच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापुढे रिकामं लॉगशीट ठेवलं होतं.

मीटर निघाला.

मग सहा रविवार आमचे मजेत गेले. सकाळी लवकर महाप्याच्या औद्योगिक भागातले रस्ते रिकामे असतात. ट्यूनर गाडी चालवायचा, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचो. तो एकाच वेगाला, एकाच दाबाला गाडी धरून ठेवायचा, सायलेन्सरमधल्या सेन्सरवरून पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय ते दिसायचं, आणि त्याप्रमाणे त्या घरातला आकडा सुधारायचा. एकेका घरापाशी तो चार-चार, पाच-पाच वेळा यायचा. मी एकदा म्हटलं, अरे, मधली दोन घरं अंदाजाने भर, दोन्ही बाजूंचे आकडे तर आलेत. तो म्हणाला की इंजिन मधल्या घरात पन येनार ना काका. पाचव्या रविवारी त्याने दही-पोहे आणले होते आणि आम्ही एका बंद कंपनीच्या फाटकापाशी गाडीच्या बॉनेटवर ठेवून खाल्ले. त्या सहा आठवड्यांत मी माझ्या मुलाशी बोललो नसेन इतकं त्याच्याशी बोललो.

खालच्या बारा रांगा भरून झाल्या. वरच्या चार राहिल्या. त्या पूर्ण दाबाच्या, म्हणजे घाटात किंवा हायवेवर पाय दाबल्यावर लागणाऱ्या. रस्त्यावर त्या भरणं धोक्याचं, त्यासाठी गाडी पुण्याला नेऊन रोलरवर, म्हणजे जागच्या जागी चाकं पळवणाऱ्या यंत्रावर, चढवायची होती. पण त्याआधी ट्यूनरच्या पुतणीची हळद आणि लग्न आलं. शिरवण्यात हळद म्हणजे एका संध्याकाळचं काम नाही. तो म्हणाला, दहा दिवस मी कायी कामाचा नाय. तोपर्यंत गाडी नेहमीसारखी वापरा, फक्त जोर करू नका. आणि मुलाने चुकून जोर केलाच तर, म्हणून त्याने त्या चारही रांगांत एकच मोठा आकडा ठेवला होता. मोठा आकडा म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त. गाडी काळा धूर सोडेल, गचके खाईल, पण इंजिन थंड राहील. लॅपटॉप आणि केबल त्याने माझ्याकडे ठेवली. म्हणाला, खालच्या रांगांच्या नोंदी बघत बसा, तुमाला आवडतं ते. बदलू नका कायी.

दोन दिवस मी बघत बसलो. तिसऱ्या दुपारी जेवण झाल्यावर बायको आडवी झाली, आणि मी तक्ता उघडला. खालच्या बारा रांगा सुंदर होत्या. आकडे चढत होते, माथ्यावर येऊन हळूच उतरत होते. आणि वर चौसष्ट घरांत एकशे दहा, एकशे दहा, एकशे दहा. ते मला बघवेना. कोणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं की हे भरलेलंच नाही. तपासायला कोणी येणार नव्हतं, साहेब नव्हता, पाळी नव्हती. तरी मी चहा करून घेतला आणि बसलो. खालच्या रांगांचा उतार डोळ्यांनी वर नेला आणि चौसष्ट घरं भरली. एकशे एक, नव्व्याण्णव, अठ्ठ्याण्णव, शहाण्णव. मध्येच एखादा आकडा जरा वर, म्हणजे खरा वाटावा. चहा संपायच्या आत काम झालं. मग खाली पार्किंगमध्ये जाऊन केबल लावली आणि तो तक्ता गाडीत चढवला. वॉचमनने विचारलं काय करताय साहेब, तर मी सांगितलं, कॅलिब्रेशन.

वाचकांसाठी अर्थ सांगतो. आकडा कमी म्हणजे इंजिनाला वाटणार हवा कमी आली, म्हणून ते पेट्रोल कमी देणार. टर्बो तर हवा भरपूर कोंबत होता. पूर्ण जोरात, भरपूर हवेला कमी पेट्रोल मिळालं की आतलं तापमान असं चढतं की पिस्टनचं ॲल्युमिनियम मेणासारखं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते मला अगदी नीट माहीत होतं. पण आकडे भरताना मी इंजिनाकडे बघत नव्हतो, कागदाकडे बघत होतो.

शनिवारी मुलगा म्हणाला लोणावळ्याला जाऊन येऊ. मग त्याने विचारलं, "बाबा, पण तो जोर करू नका म्हणाला होता ना?"

मी म्हटलं, "तक्ता पूर्ण आहे. मी तपासलाय. चल."

घाटातल्या दुसऱ्या चढाला त्याने पाय दाबला. गाडी जी पळाली ती खरंच पळाली; मी सीटला चिकटलो आणि तो लहानपणी पाळण्यात बसल्यावर हसायचा तसा हसला. पाच-सहा सेकंद असेल. मग खडखड, मग निळा धूर, मग आम्ही रस्त्याच्या कडेला. फुस्स आवाज शेवटपर्यंत उत्तम आला.

खरं सांगायची पहिली संधी तिथे, त्या कठड्यापाशी होती. मुलगा बॉनेट उघडून उभा होता आणि म्हणाला, असं कसं झालं. मी म्हटलं, बघावं लागेल.

ट्यूनर लग्नात होता, म्हणून दुसऱ्या गॅरेजमध्ये इंजिन खोललं, तेव्हा दोन पिस्टनना भोकं पडली होती. मुलाचा गाड्यांच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे, तीन-चारशे जणांचा. तिथे चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं पेट्रोल भेसळीचं, कोणी म्हणालं नजर लागली, लिंबू-मिरची काढून टाकली होती का. मग कोणीतरी म्हणालं की घरात इन्स्ट्रुमेंटेशनचे एवढे मोठे तज्ज्ञ असताना त्यांनाच विचारा. मुलाने मला विचारलं. मी अहवाल लिहिला.

मथळे होते पार्श्वभूमी, निरीक्षणे, निष्कर्ष आणि शिफारशी. निष्कर्ष असा, की ट्यूनरने वरच्या चार रांगांचं प्रत्यक्ष मापन न करता अंदाजाने आकडे भरून गाडी मालकाच्या ताब्यात दिली. पुरावा म्हणून मी तक्ता छापून जोडला, माझ्याच आकड्यांचा. शिफारस अशी, की ग्राहकांनी अशा अर्धशिक्षित कारागिरांपासून सावध राहावं. अर्धशिक्षित हा शब्द मी खोडून परत लिहिला होता, हेही सांगून टाकतो.

ग्रुपमध्ये अहवालाचं फार कौतुक झालं. एकाने लिहिलं की काकांची भाषा बघा, याला म्हणतात प्रोफेशनल. तिथून तो इतर ग्रुपांमध्ये गेला, आणि आठवड्याभरात आमच्या वाशीच्या दंतवैद्याने दाढ तपासताना मला विचारलं की ते इंजिनवाले तुम्हीच का. तोंड उघडं असल्याने मला उत्तर द्यावं लागलं नाही.

अहवालानंतर नवव्या दिवशी ट्यूनर घरी आला. हातावरची हळद अजून गेली नव्हती. मुलगा कामावर होता, बायको स्वयंपाकघरात. तो सोफ्याच्या कडेला बसला आणि खिशातून माझा अहवाल काढला. घडी करकरून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या.

"काका, हा तक्ता तुमीच जोडलाय ना?"

"हो."

"ह्या वरच्या चार रांगा मी एकसारख्या ठेवल्या व्हत्या."

"तुला तसं आठवत असेल."

"आठवत नाय. ठेवल्या व्हत्या." मग म्हणाला, "फाईल कोनी, कोन्या दिवशी बदलली, सगलं लॅपटॉपवर दिसतं."

चौतीस वर्षं तपासनिसांशी खेळून मी एक शिकलो होतो, की समोरचा कागद काढत नाही तोवर आपण हलायचं नाही. मी म्हटलं, "मग दाखव ना ग्रुपवर."

माझा अंदाज होता की तो चिडेल, आणि चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "तुमचा मुलगा माझा दोस्त हाय. त्याच्या बापाला त्याच्यासमोर चोर कसा ठरवू? तुमीच सांगा त्याला. मी थांबतो."

लॅपटॉप घेऊन तो गेला. पाणी ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

आणि तो थांबला. एक वर्ष, मग आणखी सहा महिने. एक अक्षर कुठे लिहिलं नाही. शिरवण्याच्या गॅरेजमधल्या गाड्या कमी झाल्या, मग बंद झाल्या, मग त्या शटरमध्ये मोबाइलची कव्हरं विकणारा आला. ट्यूनर दिघ्याला कोणाच्या तरी गॅरेजमध्ये कंपन्यांच्या बसचे सायलेन्सर वेल्डिंग करतो असं कळलं. माझ्या घरी त्याचा विषय निघाला की मुलगा कडवट व्हायचा, म्हणायचा असा माणूस असेल असं वाटलं नव्हतं, आणि मी हुंकार भरायचो. कधी एखादा शब्द जोडायचोही. बायकोने त्या दिवशी आतून सगळं ऐकलं होतं. तिने मला एकदाही बोल लावला नाही. भाजी निवडताना, दिवा लावताना, कधीतरी मध्येच म्हणायची, "तो अजून थांबलाय हो." बस, एवढंच. आणि पुढच्या कामाला लागायची.

मला अखेर तोंड फोडायला लावलं ते सोसायटीच्या सेक्रेटरीने, आणि त्याचा तसा हेतू मुळीच नव्हता. आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकून एक आजीबाई पाऊण तास आत बसल्या. लिफ्टच्या माणसाने तीन वेळा लेखी कळवलं होतं की दोर बदला. कमिटीने तीन वेळा पुढच्या सभेवर ढकललं होतं. सेक्रेटरी माझ्याकडे पेढे घेऊन आला. म्हणाला, काका, एक छोटासा रिपोर्ट हवा. मेकॅनिकचा हलगर्जीपणा असा. त्या इंजिनाच्या रिपोर्टसारखा करा ना, काय सुंदर होता तो, आम्ही नमुना म्हणून ठेवलाय. मग खाली सर्वांच्या वतीने तुमचा सत्कार करू.

त्याने मोबाइलवर तो अहवाल उघडून माझ्यासमोर धरला. मी तो दीड वर्षाने वाचला. खरोखरच सुंदर होता. त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवला असता, मीसुद्धा. मी त्याला पेढे परत दिले. त्याला वाटलं मला मधुमेह आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिघ्याला गेलो. ट्यूनर एका बसच्या खाली होता, बाहेर फक्त पाय. मी वाकून त्या पायांना सांगितलं की मी आलोय. तो बाहेर आला, चष्मा कपाळावर चढवला. स्टूल होतं, पण त्याने पुसलं नाही. मी उभ्याने सगळं सांगितलं, चहाच्या कपापासून. सगळं ऐकून तो म्हणाला, "मना का सांगताय? मना तर म्हाईत हाय."

मी म्हटलं, मग काय करू.

"जिथं जिथं तो कागद गेलाय तिथं जावा. पयले घरी."

घरी मी मुलाला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्याने हात थांबवला नाही, ताटातलं संपवलं, मग ताट उचलून ठेवलं. परत येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, इंजिन गेलं त्याचं मला काही नाही. दीड वर्ष तुम्ही माझ्या शेजारी बसून त्याला शिव्या घालायला मदत केलीत."

पुढचे चार दिवस तो माझ्याशी फक्त गॅस आला का, किल्ली कुठे आहे, एवढंच बोलला.

त्या चार दिवसांत मी दुरुस्तीचा मजकूर लिहिला. दोन पानं झाली. त्यात माझी कारखान्यातली सेवा होती, मापनशास्त्रातल्या अंदाजाच्या मर्यादा होत्या, परिस्थितीचा दबाव होता, आणि मोठ्या मनाने चूक कबूल करण्याचं महत्त्व होतं. ग्रुपवर टाकण्याआधी ट्यूनरला दाखवावा म्हणून पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"काका, वाचला. यात माझं नाव पयल्यांदा दुसऱ्या पानावर येतंय."

मी पुन्हा लिहिला. एक पान झालं. तो म्हणाला की यात चूक कोनाची ते समजायला शोधावं लागतं. तिसऱ्यांदा लिहिला, अर्धं पान. त्याने विचारलं, "हा परिस्थितीचा दबाव म्हंजे कोन? दुपारचे अडीच वाजले व्हते ना?" मी म्हटलं तूच सांग कसं लिहू. तो म्हणाला, मी कशाला सांगू, मी अर्धशिक्षित. आणि पहिल्यांदा हसला. ते हसणं ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

चौथ्यांदा जे लिहिलं ते असं होतं: त्या गाडीच्या तक्त्यातल्या वरच्या चार रांगांचे आकडे मी बदलले. ट्यूनरने ठेवलेले आकडे सुरक्षित होते आणि बदलू नका असं त्याने मला सांगितलं होतं. इंजिन माझ्यामुळे जळलं. माझा अहवाल खोटा आहे. खाली माझी सही, आणि त्याचं पूर्ण नाव, गॅरेजच्या नावासकट.

ते मी मुलाच्या ग्रुपवर टाकायला लावलं, सोसायटीच्या ग्रुपवर स्वतः टाकलं, आणि वाशीला दंतवैद्याकडे जाऊन तोंडी सांगितलं. शौकिनांच्या ग्रुपवर हात जोडल्याची वीस-पंचवीस चित्रं आली. एकाने लिहिलं, काका लेजेंड. एकाने विचारलं की मग ऑइल कुठलं वापरत होता. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीने लिहिलं की केवढं हे मोठं मन, आणि खाली लगेच पाणीपुरवठ्याची सूचना टाकली. आरोपाला तीन पानं लागली होती आणि तो सगळीकडे पोचला. खरं चार ओळींचं होतं आणि तिसऱ्या दिवशी ते वर कुठेतरी सरकून गेलं. ते सापडेनासं झालं की मी पुन्हा टाकतो. आतापर्यंत पाच वेळा टाकलं. काही जण मला म्हातारचळ लागला असं म्हणतात असं ऐकतो. म्हणू देत.

त्याचा उपयोग झाला का, तर थोडा. तीन-चार जुनी गिऱ्हाइकं त्याला फोन करून भेटून गेली. शिरवण्याच्या शटरमधला कव्हरवाला दिवाळीनंतर जागा सोडतो आहे. जे गेलं ते सगळं परत आलेलं नाही, आणि ते माझ्या चार ओळींनी येणारही नाही.

मागच्या आठवड्यात मुलगा दिघ्याला जाऊन त्याला भेटून आला. दोन तास होता. आल्यावर त्याने मला सांगितलं की गाडीचं इंजिन ट्यूनर पुन्हा बांधून देणार आहे. नळीत मीटर बसणार आहे आणि फुस्स आवाज रद्द झाला आहे. एवढं सांगून तो बूट काढायला लागला, आणि बायकोने आतून विचारलं, "अट काय घातली त्याने?"

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "काम चालू असेपर्यंत बाबांनी गॅरेजमध्ये यायचं नाही."

बायको म्हणाली, शहाणा आहे.

अट मला मान्य आहे. काल सकाळी गाडी ओढून न्यायला टेम्पो आला तेव्हा मी खाली गेलो नाही. बाल्कनीतूनही पाहिलं नाही. आत बसून हे लिहीत होतो.